पाच वर्षांची कोरी पाटी

फेब्रुवारी 1951. तुम्ही बसला आहात ती खोली लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून उभी केलेली आहे. मध्ये एकच लोखंडी शेगडी. शेगडीजवळच्या मुलाने कोट काढून मांडीवर घेतलाय, तरी त्याच्या कपाळावर घाम आहे. दाराशी बसलेल्या मुलीने कोट, टोपी, मफलर काहीच काढलेलं नाही. पेन्सिल धरलेली बोटं ती मधूनमधून तोंडाशी नेऊन फुंकर घालते. बाई शिकवताहेत. वाक्य अर्धं सोडून त्या उठतात, शेगडीत लाकूड सारतात, दार लावतात आणि परत फळ्यापाशी येतात. अर्धं राहिलेलं वाक्य त्या पहिल्यापासून सुरू करतात. कोपऱ्यातल्या एका मुलाच्या पायाशी छत्री आहे. पाऊस आला की ती वर्गातच उघडावी लागते.

हे अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातलं फार्मव्हिल, प्रिन्स एडवर्ड कौंटीचं मुख्य गाव. भोवती तंबाखूची शेतं. शाळेचं नाव रॉबर्ट रुसा मोटन हायस्कूल, आणि ती फक्त काळ्या मुलांची. 1939 मध्ये विटांची इमारत बांधली ती 180 मुलांसाठी. आज तिथे साडेचारशेच्या वर मुलं आहेत. ती मावेनात म्हणून अंगणात ही डांबरी खोपटं उठली. गावातले लोक त्यांना कोंबड्यांची खुराडी म्हणतात. शाळेत व्यायामशाळा नाही, जेवणघर नाही, प्रयोगशाळा नाही. मुलांना आणणाऱ्या बसगाड्या गोऱ्यांच्या शाळेने वापरून झाल्यावर इकडे दिलेल्या. गोऱ्यांची फार्मव्हिल हायस्कूल याच गावात आहे आणि इथे जे नाही ते सगळं तिथे आहे. दोन्ही शाळा चालवणारं मंडळ मात्र एकच.

तुम्ही इथे कोणाला दिसत नाही, हे बरं आहे. नाहीतर या गावात कुठल्या दाराने आत शिरायचं आणि बसमध्ये कुठल्या बाकावर बसायचं, हे तुमच्या सावळ्या रंगाकडे बघून दुसऱ्याच कोणीतरी ठरवलं असतं.

दोन महिने पुढे या. 23 एप्रिल, सोमवार. हेडमास्तर बॉइड जोन्स यांना फोन आलाय: तुमची काही मुलं बस-स्टँडवर आहेत, पोलीस त्यांना पकडणार आहेत, लगेच या. ते टोपी उचलून धावत निघतात. फोन खोटा आहे. ते फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच वर्गावर्गांत चिठ्ठ्या फिरतात की सगळ्यांनी सभागृहात जमायचं. तुम्हीही गर्दीबरोबर आत शिरता आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहता. पडदा सरकतो. व्यासपीठावर हेडमास्तर नाहीत. तिथे सोळा वर्षांची एक मुलगी उभी आहे, बार्बरा जॉन्स. एरवी फारशी न बोलणारी. ती आधी शिक्षकांना बाहेर जायची विनंती करते. काही जण हलत नाहीत तेव्हा पायातला बूट काढून बाकावर आपटते.

ती काय बोलली ते शब्दशः टिपून ठेवलेलं नाही, आणि मी तिच्या तोंडी शब्द घालणार नाही. मागणी एकच होती: आम्हाला धड शाळा द्या, तोवर आम्ही वर्गात बसणार नाही. साडेचारशे मुलं उठून बाहेर पडतात. तुम्हाला धक्का मारून पुढे गेलेल्या मुलाच्या हातात फलक आहे. तो आधीच रंगवून लपवून ठेवलेला होता, म्हणजे हे एका सकाळीत सुचलेलं नाही. आठवडेच्या आठवडे मोठ्यांना पत्ता लागू न देता मुलांनी हे जमवलं. शिक्षकांची नोकरी जाऊ नये म्हणून त्यांना अंधारात ठेवलं. तरी पुढच्या वर्षासाठी हेडमास्तरांचा करार मंडळाने वाढवला नाहीच.

मुलांनी रिचमंडच्या दोन वकिलांना पत्र लिहिलं: ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन, दोघेही काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे. मुलांना नवी इमारत हवी होती. वकिलांनी सांगितलं, इमारतीसाठी आम्ही लढणार नाही. वेगळी शाळा ही पद्धतच मोडायची असेल तर बोला. या प्रश्नावर मुलांची आणि आईबापांची रात्री चर्चमध्ये सभा झाली. पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. महिन्याभरात, 23 मे रोजी, 117 मुलांच्या नावाने दावा दाखल झाला. 17 मे 1954 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राऊन' खटल्याचा निकाल देऊन वंशावरून वेगळ्या केलेल्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा एकत्र जोडलेल्या पाच दाव्यांपैकी एक हा फार्मव्हिलचा होता. पाचांपैकी मुलांनी स्वतः सुरू केलेला एवढा एकच. बार्बरा तेव्हा गावात नव्हती. जिवाला धोका म्हणून तिला अलाबामात काकांकडे पाठवून दिलं होतं.

इथे थोडं थांबा. ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात: न्याय झाला, टाळ्या. मला तुम्हाला दाखवायचं आहे ते यानंतरचं. कायद्याने बंद झालेलं दार पैशाने कसं उघडलं, आणि त्याला 'निवडीचं स्वातंत्र्य' हे देखणं नाव कसं मिळालं.

दावा लागल्यावर कौंटीची पहिली चाल म्हणजे जो खर्च वर्षानुवर्षं परवडत नव्हता तो झटकन करणं. 1953 मध्ये काळ्या मुलांसाठी नवी मोटन हायस्कूल उभी राहिली, सुमारे आठ लाख डॉलरची. सगळं दिलं, फक्त एकत्र बसू नका. निकाल विरुद्ध गेल्यावर दुसरी चाल राज्याने केली. सिनेटर हॅरी बर्ड यांनी 1956 मध्ये 'प्रचंड प्रतिकारा'ची हाक दिली. त्याच वर्षी जानेवारीत मतदारांनी मोठ्या बहुमताने राज्यघटना बदलायला संमती दिली, म्हणजे खासगी शाळेत जाणाऱ्या मुलाची फी सरकारी तिजोरीतून भरता येईल. हे शिक्षण-अनुदान. पैसा शाळेला न देता मुलाला द्यायचा आणि मूल जाईल तिकडे पैसा जाईल. ऐकायला किती सरळ!

शिकागोचे अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी हीच कल्पना 1955 च्या एका निबंधात मांडली होती. सरकारने शाळा चालवू नयेत, पालकांना ठरावीक रकमेची हुंडी द्यावी. निबंध जवळजवळ लिहून झाल्यावर त्यांना कळलं की न्यायालयाला बगल देण्यासाठी दक्षिणेत हीच योजना पुढे येते आहे. त्यांनी एक लांब तळटीप जोडली. वर्णभेदाचा आपल्याला तिटकारा आहे असं त्यात स्पष्ट लिहिलं. तरी सक्तीने वेगळं ठेवणं नको आणि सक्तीने एकत्र आणणंही नको. काही शाळा फक्त गोऱ्यांच्या, काही फक्त काळ्यांच्या, काही मिश्र असतील, आणि पालक निवडतील. ही तळटीप मी अनेकदा वाचली आहे. माणूस मनापासून लिहितो आहे यात मला शंका नाही. पण बाजारात उतरताना एकाच्या खिशात काही आहे आणि दुसऱ्याच्या पायात बेडी आहे, हे त्या टिपेत कुठेच येत नाही. फार्मव्हिलमध्ये ते डोळ्यांसमोर येतं.

सप्टेंबर 1959. सकाळचे आठ. उन्हाची तिरीप गवतावर आहे. नव्या मोटन हायस्कूलच्या दाराला साखळी आहे, साखळीला कुलूप आहे, आणि आत येण्यास मनाई असल्याची पाटी आहे. तुम्ही कुलूप हातात घेता. नवं कोरं आहे, अजून गंजलेलं नाही. काचेतून वर्ग दिसतो: बाकं सरळ रांगेत, फळा पुसलेला.

मे महिन्यात अपिलीय न्यायालयाने हुकूम केला होता की या सप्टेंबरपासून काळ्या मुलांना गोऱ्यांच्या हायस्कूलमध्ये घ्या. त्यावर जूनमध्ये कौंटीचा कारभार पाहणाऱ्या सुपरवायझर मंडळाने शाळांसाठी कर बसवायलाच नकार दिला. कर नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून शाळा नाहीत. सगळ्याच सरकारी शाळा बंद, गोऱ्यांच्याही. एकालाही 'तू काळा आहेस म्हणून येऊ नकोस' असं म्हणावं लागलं नाही.

गावात फिरा. गोऱ्यांच्या चर्चमध्ये तळघरांत, सभागृहांत वर्ग भरले आहेत. 1955 पासूनच तयारीत असलेल्या प्रिन्स एडवर्ड स्कूल फाउंडेशनने सुमारे दीड हजार गोऱ्या मुलांची सोय केली. सरकारी शाळांतले बरेच शिक्षक तेच, मुलं तीच, फक्त छप्पर वेगळं. पहिलं वर्ष देणग्यांवर निघालं. 1960 मध्ये राज्याचा नवा अनुदान-कायदा आला. त्यात वंशाचा उल्लेख नव्हता: कुठल्याही मुलाला 125 किंवा 150 डॉलर. कौंटीने वर आपले 100 घातले. म्हणजे फाउंडेशनच्या प्राथमिक शाळेतल्या मुलामागे 225 आणि हायस्कूलच्या मुलामागे 250 डॉलर सरकारकडून. शिवाय गावातल्या खासगी शाळेला देणगी दिली तर मालमत्ता करात एक चतुर्थांशापर्यंत सूट.

कागदावर हे अनुदान काळ्या बापालाही खुलं होतं. ते घेऊन त्याने जायचं कुठे? कौंटीत त्याच्या मुलाला घेणारी एकही शाळा नव्हती. हुंडी हातात होती आणि दुकान फक्त गोऱ्यांसाठी होतं. वर राज्याच्या तिजोरीत त्याचाही कर जात होता. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता, की रयतेच्या घामाचा पैसा सरकार घेतं आणि वरच्या वर्गांच्या शिक्षणावर उधळतं. अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्यांना 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण करणाऱ्या जोतीरावांना हा हिशेब दाखवावा, असं फार्मव्हिलच्या त्या रस्त्यावर उभं राहिल्यावर वाटत राहतं.

त्या रस्त्याने तसेच गावाबाहेर चला. एका घराच्या पायरीवर सहा वर्षांची एक मुलगी बसली आहे. यंदा तिची पहिली होती. आईने उन्हाळ्यातच बूट घेऊन ठेवले होते, एक माप मोठे, म्हणजे दोन वर्षं पुरतील. बूट पायात आहेत. ती आईला विचारते, बस कधी येणार. आई म्हणते, आज नाही येणार बाळा. उद्याही ती तोच प्रश्न विचारते. तुम्ही आठवडाभर तिथे थांबलात तर एक दिवस असा येतो की ती विचारत नाही. बूट दाराआड ठेवलेले असतात, नवेच्या नवे.

सतराशेवर काळी मुलं अशी घरी बसली, आणि फाउंडेशनच्या शाळेत पोचू न शकलेली काही गरीब गोरी मुलंही. ज्यांचे नातेवाईक बाहेरगावी होते त्यांनी मुलं तिकडे पाठवली. बहीण एका शहरात, भाऊ दुसऱ्या. क्वेकर पंथाच्या मंडळींनी काहींना दूर उत्तरेकडच्या अनोळखी घरांत ठेवलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या किट्रेल कॉलेजने मोठ्या मुलांना शेवटची वर्षं पुरी करायला जागा दिली. हद्दीला लागून असलेल्या अ‍ॅपोमॅटॉक्स कौंटीत काही पालकांनी एक पडकं घर भाड्याने घेतलं. पहाटे तिथे जाऊन बघा. कोणीच राहत नाही, चूल थंड आहे. मोटारी मागच्या बाजूला थांबतात, मुलं मागच्या दाराने आत शिरतात, आणि शेजारच्या कौंटीची बस आली की पुढच्या दाराने एकेक करून बाहेर येतात, जणू रात्री याच घरात झोपली होती. अंधारात उभं राहून तुम्ही त्यांची तोंडं बघा. सगळी गप्प आहेत. शिकायला जायचं तर खोटं घर दाखवावं लागतं, हे त्यांना कळून चुकलंय.

1959 च्या डिसेंबरात गोऱ्या पुढाऱ्यांनी देकार दिला: तुमच्यासाठीही खासगी शाळा काढून देतो. काळ्या समाजाने तो नाकारला. अर्ज आला फक्त एक. पुढे अनेकांनी यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, बघा, यांनीच मुलांना उपाशी ठेवलं. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. ती वेगळी शाळा घेतली असती तर 1951 पासून लढलेला खटलाच निकालात निघाला असता. पाद्री ग्रिफिन यांनी हे जाणून पाऊल उचललं, आणि त्यांची स्वतःची मुलंही शाळेविना राहिली. चर्चच्या तळघरांत त्यांनी मुलांना गोळा केलं. थोडं वाचन, थोडी गाणी, खेळ. पण त्याला शाळा म्हणायचं नाही यावर कटाक्ष होता, कारण शाळा म्हटलं की कौंटी न्यायालयात सांगणार, यांची सोय झालेली आहे.

या सगळ्याला दिवस किंवा महिने लागले असतील असं वाटेल. चार वर्षं गेली. मार्च 1963 मध्ये देशाचे महान्यायवादी रॉबर्ट केनेडी यांनी जगात मोफत सरकारी शिक्षण नसलेल्या मोजक्या जागांची यादी एका भाषणात वाचली. त्यात कम्युनिस्ट चीन होता, उत्तर व्हिएतनाम होता, आणि प्रिन्स एडवर्ड कौंटी होती. त्या सप्टेंबरात देणग्यांवर 'फ्री स्कूल' उघडल्या. दीड हजारावर मुलं आली, त्यांत गोरी चारच. पायरीवरची ती मुलगी आता दहा वर्षांची आहे. तिला शोधा. ती पेन्सिल मुठीत धरते, चमचा धरावा तशी.

25 मे 1964 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि तो ग्रिफिन यांच्याच नावाने ओळखला जातो. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलं की सावकाशीची मुदत आता संपली. इतर कौंट्यांत शाळा चालू ठेवून इथे बंद ठेवणं आणि त्याच वेळी गोऱ्यांच्या खासगी शाळांना पैसा पुरवणं, याला वंशाशिवाय दुसरं कारण नाही.

आता 4 ऑगस्टची रात्र बघायला चला. शाळा उघडाव्या लागणार हे ठरलं आहे. अनुदानांचा प्रश्न अजून अपिलीय न्यायालयापुढे आहे आणि मनाई कधीही येऊ शकते. त्या रात्री सुपरवायझर मंडळाने येत्या वर्षाचं अनुदान लगेच वाटायचं ठरवलं. गोऱ्यांच्या घरांत फोन वाजू लागतात. तुम्ही कचेरीबाहेर उभे राहा. मोटारींचे दिवे एकामागून एक वळणावर येतात. लोक घाईने निघालेले, कोणाचा शर्ट अर्धा खोचलेला. खिडकीत दिवा आहे, टेबलावर अर्जांचा गठ्ठा आहे, सही झाली की धनादेश हातात. माणसं तो दुमडून खिशात घालतात आणि एकमेकांना 'गुड नाइट' म्हणतात. ही वाईट दिसणारी माणसं नाहीत. शेतकरी आहेत, दुकानदार आहेत, रविवारी चर्चला जाणारे आहेत, आणि आपण मुलांसाठी काहीतरी चांगलं करतो आहोत असं त्यांना खरोखर वाटतंय. सकाळपर्यंत सुमारे 1 लाख 80 हजार डॉलर वाटून झाले. बँक उघडल्या उघडल्या धनादेश वटवायला लोक दारात हजर. दोन वर्षांनी न्यायालयाने याला अवमान ठरवून सुपरवायझरांना ती रक्कम भरून द्यायला लावली.

शाळांसाठी ज्यांच्याकडे पाच वर्षं पैसा नव्हता, त्यांच्याकडे एका रात्रीत एवढा पैसा निघाला. मला या संपूर्ण इतिहासात सर्वांत जास्त राग कशाचा येत असेल तर त्या खिडकीतल्या दिव्याचा.

सप्टेंबर 1964 मध्ये सरकारी शाळा उघडल्या. आत जवळजवळ सगळी काळी मुलं; गोरी बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची फाउंडेशनच्या अकादमीत. कुलूप निघालं तरी दोन शाळा दोनच राहिल्या.

फार्मव्हिलची तऱ्हा टोकाची होती म्हणून ती लक्षात राहते. दक्षिणेतल्या शेकडो गावांनी कुलूप लावलं नाही. त्यांनी एक कागद छापला. तो बघायला रिचमंडच्या पूर्वेला न्यू केंट कौंटीत चला. 1967. एका काळ्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरातलं टेबल, मेणकापडावर तेलाचा डाग, आणि त्याच्या शेजारी शाळानिवडीचा अर्ज. कौंटीत दोनच शाळा: पूर्वेला गोऱ्यांची न्यू केंट, पश्चिमेला काळ्यांची जॉर्ज वॉटकिन्स. दोन्हींपैकी हवी ती निवडा, असं कागद म्हणतो. पहिलीत आणि आठवीत जाणाऱ्यांनी निवडलंच पाहिजे. बाकीच्यांनी काही लिहिलं नाही तर मूल होतं तिथेच राहणार. म्हणजे गप्प बसणं हीसुद्धा निवड, आणि ती नेहमी जुन्याच बाजूने मोजली जाणार.

या घरातला मुलगा आठवीत जाणार आहे. बाप कागद उलटसुलट करतो. त्याने मुलगा गोऱ्यांच्या शाळेत घातला तर उद्या जमीनमालक काय म्हणेल? उधारी देणारा दुकानदार? बसमध्ये मुलाशेजारी कोण बसेल? गोऱ्या बापाला यातला एकही विचार करावा लागत नाही. त्याच्या टेबलावरचा कागद मिनिटात भरून होतो. आई म्हणते, "अहो, मास्तर चांगले आहेत आपल्या शाळेत." हेही खरंच आहे. वॉटकिन्सच्या शिक्षकांनी पिढ्या घडवल्या. बाप शेवटी काय लिहितो ते मी तुम्हाला दाखवणार नाही. त्याने काहीही लिहिलं तरी ओझं त्याच्या घरावरच येणार आहे.

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि बस मोजा. एकवीस. अकरा वॉटकिन्सच्या, दहा न्यू केंटच्या. या कौंटीत काळ्यांची आणि गोऱ्यांची वस्ती वेगळी नाही. घरं एकमेकांत मिसळलेली आहेत. म्हणून दोन्ही शाळांच्या बस त्याच रस्त्यांवरून एकमेकींना ओलांडून जातात. शेजारशेजारच्या दोन दारांतली दोन मुलं दोन बसमध्ये चढून दोन दिशांना जातात. नकाशावर मधोमध रेघ मारून पूर्वेची मुलं पूर्वेला आणि पश्चिमेची पश्चिमेला धाडली असती तर शाळा आपोआप एक झाल्या असत्या. त्याऐवजी 'स्वातंत्र्य' दिलं. तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने वॉटकिन्स निवडली नाही. काळ्या मुलांपैकी 85 टक्के वॉटकिन्समध्येच राहिली, आणि 115 मुलांनी दुसरी शाळा निवडायचं धैर्य केलं.

27 मे 1968 रोजी न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने हे चालणार नाही म्हणून सांगितलं. वेगळ्या शाळा ज्यांनी उभ्या केल्या त्यांनीच त्या मोडायच्या. मुलांवर आणि आईबापांवर तो भार टाकायचा नाही. गोऱ्यांची शाळा नको, काळ्यांची शाळा नको, नुसत्या शाळा हव्यात, असा त्याचा आशय. शाहू महाराजांनी 1919 मध्ये करवीर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळांत घ्यायचा हुकूम काढला, तेव्हा त्यांनी कोणाच्या दारात निवडीचा कागद पाठवला नव्हता. न्यू केंटमध्येही शेवटी तेच झालं. एक इमारत प्राथमिकची, एक हायस्कूलची, आणि सगळी मुलं दोन्हींत.

यावरून पालकांनी शाळा निवडूच नये असं मी म्हणणार नाही. 1990 मध्ये मिलवॉकी शहरात खासगी शाळांसाठी सरकारी हुंडीची योजना आली, तेव्हा तिच्या आघाडीवर पॉली विल्यम्स ही काळी आमदार होती. सरकारी शाळांनी आपल्या मुलांना वाऱ्यावर सोडलंय, मग आम्हालाही दार हवं, हा तिचा रास्त संताप होता. तिच्याशी वाद घालायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. फक्त फार्मव्हिलहून आलेल्या माणसाला कुठल्याही योजनेत एक गोष्ट आधी बघायची सवय लागते: शेवटी कोण कोणाला निवडतं, मूल शाळेला की शाळा मुलाला. आणि जे मूल कोणीच निवडलं नाही, ते उद्या सकाळी कुठल्या दारात उभं राहणार.

परतण्याआधी एक थांबा. जून 2003, पुन्हा प्रिन्स एडवर्ड. ज्यांची शाळा बुडाली त्यांना मानद पदविका द्यायचा समारंभ आहे. बार्बरा जॉन्स नाही. ती फिलाडेल्फियात ग्रंथपाल झाली आणि 1991 मध्ये वारली. (वॉशिंग्टनच्या संसदभवनात व्हर्जिनियाच्या वतीने 1909 पासून उभा असलेला यादवीत गुलामी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडून लढलेल्या जनरल लीचा पुतळा डिसेंबर 2020 मध्ये काढला, आणि त्या जागी राज्याने तिला निवडलं.) खुर्च्यांवर बसलेली माणसं पन्नाशी-साठीची आहेत. सगळ्यांनी झगे घातले आहेत, चौकोनी टोप्या घातल्या आहेत. काहींच्या हातात काठी आहे. नावं पुकारली जातात आणि माणसं एकेक करून चढतात.

तुमच्या शेजारची बाई पन्नास वर्षांची आहे. तिचं नाव येतं तेव्हा ती पटकन उठत नाही. आधी खाली वाकून बुटाची नाडी बघते. जाऊन येते, बसते. नातू कागद मागतो आणि मोठ्याने वाचायला लागतो. तिला त्याला थांबवायचं असतं, पण ती थांबवत नाही. 'मानद' या शब्दाशी तो अडतो आणि म्हणतो, "आजी, म्हणजे काय गं?"

ती कागद परत घेते, दोन्ही कडांनी अलगद धरते, दुमडू नये म्हणून.

"म्हणजे हा नंतर दिलेला आहे," ती सांगते.